तुटले तिथून पुढे

रमजानच्या महिन्यात तरावीह पढवताना इमाम एखाद्या आयतीवर अडखळले, तर त्यांच्या मागे पहिल्या सफीत उभा असलेला हाफिज त्यांना लुकमा देतो. लुकमा म्हणजे शब्दशः घास. अडलेला शब्द तेवढा पुरवायचा. इमाम ती आयत नीट करतात आणि तिथून पुढे जातात. अख्खा पारा पुन्हा पहिल्यापासून म्हणावा असे कुणाच्या मनातही येत नाही.

या साध्या रीतीत तीन गोष्टी आहेत. लुकमा देणाऱ्याला इमाम नेमके कुठवर आले आहेत हे ठाऊक असते. तो अडले तेवढेच देतो. आणि खंड पडला तरी झालेले पठण वाया जात नाही. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे माहिती पाठवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला याच तीन कसोट्या लावता येतात. जगभरचे प्रोग्रामर आज ज्या गिट नावाच्या साधनावर काम करतात, ते पहिल्या दोन कसोट्यांना उत्तम उतरते. तिसऱ्या कसोटीत मात्र अगदी पहिल्याच पायरीवर नापास होते. त्याची किंमत पुण्या-मुंबईत फायबरच्या लाइनवर बसलेल्या अभियंत्याला मोजावी लागत नाही. ती शिरूर-दौंडकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकणाऱ्या मुलामुलींना मोजावी लागते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही.

गिट म्हणजे काय आणि आपला त्याच्याशी काय संबंध

एखाद्या मजकुरात कुणी, केव्हा, काय बदल केला याची पूर्ण नोंद ठेवणाऱ्या साधनाला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. चार शिक्षक मिळून एक शब्दसूची तयार करत असतील, तर प्रत्येकाची दुरुस्ती नावानिशी आणि तारखेनिशी नोंदली जाते आणि हवे तेव्हा मागच्या कोणत्याही टप्प्यावर जाता येते. गिट हे असे सर्वात जास्त वापरले जाणारे साधन. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल 2005 मध्ये लिहिले. लिनक्सचे काम तोवर बिटकीपर नावाच्या खासगी कंपनीच्या साधनावर चालत होते. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने त्या साधनाची भाषा उलगडण्याचा प्रयत्न केला, वाद झाला आणि कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. गंमत अशी की, याच ट्रिजेल यांनी 1996 मध्ये आरसिंक नावाचे साधन जगासमोर आणले होते आणि त्याचे सूत्रच होते: पूर्ण फाईल पाठवू नका, फरक तेवढा पाठवा.

गिटचे वैशिष्ट्य म्हणजे ते विकेंद्रित आहे. मुख्य दप्तर एकाच कचेरीत आणि बाकीच्यांनी तिथे जाऊन नकला मागायच्या, असा प्रकार नाही. ज्याच्याकडे प्रत असते, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा सारा इतिहास असतो. या प्रतीला रेपॉझिटरी किंवा थोडक्यात रेपो म्हणतात, पहिल्यांदा पूर्ण प्रत घेण्याला क्लोन आणि नंतरचे नवे बदल आणण्याला फेच.

आपला संबंध असा की, तुम्ही हा मजकूर ज्या अक्षरांत वाचत आहात तीदेखील बहुधा अशाच पद्धतीने घडलेली आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत आणि त्यांच्या रेपो कुणालाही पाहता येतात. उर्दूसाठी गुगलचा नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्टही तसाच. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेला लिनक्स, फोनमधली असंख्य अॅप्स, त्यांची मराठी आणि उर्दू भाषांतरे, हे सारे गिटच्या रेपोंमध्ये राहते. एखाद्या फॉन्टमध्ये जोडाक्षर चुकले किंवा एखाद्या अॅपमध्ये उर्दूचे वाक्य उलट्या दिशेने दिसले, तर ते दुरुस्त करण्याचा दरवाजा उघडा आहे. प्रश्न इतकाच की, त्या दरवाजापर्यंत आपली मुले पोहोचतात का?

गिटला नीट जमते ते

आधी गिटचे श्रेय गिटला देऊ. समजा, आपली पाच हजार नोंदींची उर्दू-मराठी शब्दसूची आहे. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत उर्दूचे एक अक्षर सहसा 2 बाइट घेते आणि देवनागरीचे 3. अशी फाईल साधारण सात-आठशे केबीची होईल. तीत एका शब्दाचा नुक्ता राहून गेला होता, तो दिला आणि फाईल व्हॉट्सअॅपवर पन्नास शिक्षकांना पाठवली. एका नुक्त्यासाठी एकूण पस्तीस-चाळीस एमबी डेटा खर्च झाला. शिवाय प्रत्येकाच्या फोनमध्ये 'अंतिम', 'अंतिम 2', 'खरेच अंतिम' अशा नावांच्या फाइली साचल्या, त्या वेगळ्याच.

हेच काम गिटवर केले, तर दोन संगणकांत आधी संवाद होतो. एक म्हणतो, मला ताजी नोंद हवी. दुसरा विचारतो, तुझ्याकडे काय आहे? पहिला आपल्याकडच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक सांगतो. हा क्रमांक म्हणजे मजकुरावरूनच गणिताने काढलेला 40 अक्षरी ठसा. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. दोघांकडे सारखा ठसा सापडला की त्याच्या आधीचे सारे सारखेच आहे, हे सिद्ध होते. मग फक्त त्यानंतरचा फरक पिळून, लहान करून पाठवला जातो. आपल्या नुक्त्याच्या उदाहरणात माणशी दोन-चार केबीत काम होते. लुकमा देणे ते हेच.

पण यात एक अट आहे आणि ती आपल्या उर्दू-मराठी शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. फरक काढायचा तर मूळ मजकूर साधा हवा. उर्दूच्या जगात 1994 पासून इनपेजचे राज्य आहे, तर मराठीत जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टचे. इनपेजची फाईल तिच्या स्वतःच्या बंदिस्त रचनेत असते. वर्डची हल्लीची फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप असते आणि पीडीएफमध्येही मजकूर बहुधा दाबून भरलेला असतो. दाबलेल्या मजकुरात एक अक्षर बदलले की पुढचे बाइट्स बदलून जातात. मग गिटला दोन आवृत्त्यांत साम्य दिसत नाही आणि तेही जवळपास पूर्ण फाईल पाठवत बसते. तेव्हा नेटवर्कची बचत केबल किंवा टॉवरपाशी सुरू होत नाही, ती कीबोर्डपाशी सुरू होते. प्रश्नपत्रिका, शब्दसूची, धड्यांच्या टिपणांचा मूळ मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाईलमध्ये ठेवावा. छपाईसाठी इनपेज किंवा पीडीएफ शेवटी करावी. एवढी शिस्त पाळली तरी अर्धे काम झाले.

हजेरी घेण्याची पद्धत

गिटमध्ये सुधारणा झालेल्या नाहीत असेही नाही. पूर्वी रीत अशी होती की, तुम्ही एखाद्या सर्व्हरला जोडले गेलात की तुम्ही काही विचारण्याआधीच तो आपल्याकडच्या सर्व शाखांची आणि खुणांची यादी वाचून दाखवायचा. एका मुलाची हजेरी हवी असताना पहिली ते दहावीचे हजेरीपट मोठ्याने वाचावेत, तसे. लहान प्रकल्पात हे चालून जाते, पण मोठ्या प्रकल्पात अशा खुणा लाखांच्या घरात असतात आणि नवे काहीच नसतानाही नुसती यादी उतरवण्यात कित्येक एमबी जातात. 2018 मध्ये गिटच्या 2.18 या आवृत्तीबरोबर संवादाची नवी पद्धत आली. तिच्यात आधी मागणाऱ्याने सांगायचे की मला अमुक शाखेपुरतेच हवे. आता हीच पद्धत आपोआप वापरली जाते.

दुसरी सुधारणा सामाईक टप्पा शोधण्याबाबतची. कोणत्या नोंदीपर्यंत दोघांचे सारखे आहे हे पाहण्यासाठी एकेक नोंद मागे जात विचारत बसले, तर फार फेऱ्या होतात. उडी मारत मारत विचारले तर लवकर सापडते. हिफ्ज करणाऱ्या मुलाचे कुठवर पाठ आहे हे पाहणारे उस्ताद प्रत्येक आयत ऐकत बसत नाहीत. इथले थोडे, तिथले थोडे विचारून अंदाज घेतात. गिटमध्येही अशा उड्यांची सोय आहे.

फेऱ्यांचे महत्त्व दौंडकरांना वेगळे सांगायला नको. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागायचे. रूळ चांगले होते, गाडीचा वेगही होता, पण ती अदलाबदल होईपर्यंत प्रवासी फलाटाकडे पाहत बसायचे. कॉर्ड लाइन झाली आणि तिच्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा तो थांबा वाचला. नेटवर्कचेही तसेच आहे. 'स्पीड' किती, एवढेच सगळे विचारतात. पण इथून तिथे निरोप जाऊन उत्तर यायला जो वेळ लागतो, तो प्रत्येक फेरीला लागतो. कमकुवत सिग्नलवर हाच वेळ जास्त खातो. म्हणून फेऱ्या कमी करणारी प्रत्येक सुधारणा खेड्यातल्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा अधिक उपयोगी पडते.

अडते कुठे

आता दुखण्याकडे येऊ. वर सांगितलेला सारा शहाणपणा तुमच्याकडे आधीची प्रत असेल तेव्हाचा. ज्याच्याकडे काहीच नाही, जो पहिल्यांदाच येतो आहे, त्याला पूर्ण इतिहास एका बैठकीत उतरवावा लागतो. आणि ते उतरत असताना मध्येच लाइन तुटली, तर साधे क्लोन तुटले तिथून पुढे सुरू होत नाही. अर्धवट उतरलेले गिट पुसून टाकते. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा शून्यापासून.

लिनक्सच्या गाभ्याचा पूर्ण इतिहास 1 जीबीहून बराच मोठा आहे. गुगल फॉन्ट्सचा सारा संग्रह 1 जीबीच्या वर जातो. आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांच्या मोबाइलला रोज 1.5 जीबीचा पॅक असतो. हिशोब करून पाहा. एखाद्या मुलीने 1 जीबीची रेपो उतरवायला घेतली आणि 80 टक्क्यांवर सिग्नल गेला. तिच्या पॅकमधून 800 एमबी गेले, हातात काही आले नाही आणि उरलेल्या 700 एमबीत ती रेपो बसत नाही. आता उद्यापर्यंत थांबा. उद्याही 80 टक्क्यांवर तेच झाले, तर? शहरातल्या मुलाला ही अडचण अस्तित्वात आहे हेही कळत नाही, कारण त्याचे क्लोन चहा होईपर्यंत उतरलेले असते. आपली मुलगी मात्र असा निष्कर्ष काढते की, प्रोग्रामिंग तिला जमण्यासारखे नाही.

अर्धवट डाउनलोड पुढे चालू ठेवणे ही काही नवी विद्या नाही. वेबच्या पद्धतीत 1997 पासून, म्हणजे गिटच्या जन्माआधी आठ वर्षे, फाईलचा अमुक भागापासून पुढचा तुकडा मागण्याची सोय आहे. सिनेमा अर्ध्यावर तुटला तर फोन तो तिथून पुढे उतरवतो. मग गिटला काय झाले?

याचे तांत्रिक उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. गिटचा सर्व्हर प्रत्येक मागणाऱ्यासाठी गठ्ठा नव्याने बांधतो. दोन वेळा मागितले तर आत सामान तेच असते, पण बांधणी थोडी वेगळी असू शकते. त्यामुळे 'मला 800 एमबीपासून पुढचे दे' या वाक्याला अर्थ राहत नाही, कारण दुसऱ्या गठ्ठ्यातला 800 एमबीचा टप्पा वेगळ्याच जागी पडतो. जो नेहमी येतो त्याला नेमके हवे तेवढे देण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला तिचाच अडथळा होतो.

पण अडचण खरी आहे म्हणजे ती सुटणारच नाही असे नाही. गिटमध्ये बंडल नावाचा प्रकार आहे. रेपोचा ठरावीक टप्प्यापर्यंतचा इतिहास एका फाईलमध्ये बांधून ठेवायचा. ही फाईल बदलत नाही, म्हणून ती साध्या डाउनलोडप्रमाणे तुकड्या-तुकड्याने, तुटले तिथून पुढे उतरवता येते. ती हाती आली की तिच्यातून क्लोन करायचे आणि नंतरचे थोडे बदल मूळ सर्व्हरकडून आणायचे. लिनक्सच्या गाभ्यासाठी कर्नल डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ अशी बंडल फाईल ठेवते. 2022 च्या ऑक्टोबरात आलेल्या गिटच्या 2.38 या आवृत्तीपासून क्लोन करतानाच बंडलचा पत्ता देण्याची सोयही झाली आहे. म्हणजे रस्ता तयार आहे. पण बहुतेक प्रकल्पांच्या पानावर ना बंडल दिसते, ना 'लाइन कमजोर असेल तर असे करा' अशी एक ओळ.

कुणाची अडचण आधी सुटते

इथे एक तुलना करावीशी वाटते. 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचे सारे काम गिटवर आणले. ती रेपो सुमारे 300 जीबीची होती, तीत 35 लाखांच्या आसपास फाइली होत्या. साध्या पद्धतीने क्लोन करायला बारा तासांहून अधिक वेळ लागत होता. हजारो अभियंत्यांचे पगार चालू असताना हे परवडणारे नव्हते. कंपनीने स्वतःची व्यवस्था बनवली आणि बारा तासांचे काम काही मिनिटांवर आले. पुढे अशाच गरजांतून गिटमध्येही पार्शल क्लोनची, म्हणजे फाइलींचा जुना मजकूर लागेल तेव्हाच आणण्याची सोय आली. तिच्यामागे मायक्रोसॉफ्ट आणि गुगलच्या अभियंत्यांचे श्रम आहेत आणि त्याचा फायदा आज सर्वांना होतो. त्यांचे आभारच मानायला हवेत.

तरीही यातला क्रम पाहण्यासारखा आहे. ज्यांची रेपो प्रचंड पण नेटवर्क उत्तम, त्यांचा प्रश्न सुटला. ज्यांची रेपो बेताची पण नेटवर्क तुटके, त्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेतच आहे. यात कुणाचा दुष्ट हेतू आहे असे मला वाटत नाही. ज्याला काटा टोचतो तोच खाली वाकतो, एवढेच. तुटक्या लाइनवर बसणारे लोक गिट घडवणाऱ्यांत फार थोडे आहेत. आणि ते थोडे आहेत याचे एक कारण हेच की, पहिल्या पायरीवरच ते गळून जातात.

आपल्याकडे वुजूबद्दल जी शिकवण आहे तिची इथे आठवण होते. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी पाणी जरुरीपुरतेच वापरा. नदी आटेल म्हणून हे सांगितलेले नाही. आपल्यापाशी मुबलक आहे म्हणून उधळायचे नाही, ही ती सवय. इसराफ याला म्हणतात. शिरूरची घोडनदी आणि दौंडची भीमा भर पावसात दुथडी वाहते, पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या याच तालुक्यांत आहेत. ज्याच्या दारात फायबरची नदी वाहते, त्याने सॉफ्टवेअर रचताना टँकरवाल्या वाडीचा विचार करायला हवा.

'आता 5जी आले' या आक्षेपाबद्दल

काही वाचक म्हणतील, हा प्रश्न जुना झाला. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, ऑक्टोबर 2022 पासून 5जीही आले, आणखी दोन वर्षांत सगळीकडे पोहोचेल. हे पूर्ण खोटे नाही. शिरूर शहरात, रांजणगावच्या एमआयडीसीत, दौंड स्टेशनजवळ किंवा कुरकुंभला सिग्नल बरा असतो. पण उसाच्या पट्ट्यात आत चार किलोमीटर गेलात, पत्र्याच्या खोलीत बसलात किंवा दौंड-पुणे गाडीत उभे राहून प्रवास करत असलात की तो बरा राहत नाही. शिवाय वेग वाढणे आणि लाइन न तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज गेली की घरातला वायफाय जातो. घरात एकच फोन असतो आणि अब्बांचा कॉल आला की हॉटस्पॉट अडखळतो. वेग कितीही असो, जी व्यवस्था एका खंडाने सारे केलेले पुसते, ती कच्ची व्यवस्था आहे. आणि नेटवर्कचा वेग वाढेल तशा रेपोही वाढत जातात. घराला खोली वाढवली की सामानही वाढते, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

तोवर आपण काय करावे

गिट बदलेल तेव्हा बदलेल. आज काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि ज्या शिक्षकांच्या, पालकांच्या ओळखीत संगणक शिकणारी मुले आहेत त्यांनी त्या सांगाव्यात.

पहिली गोष्ट, सारा इतिहास आधी उतरवू नये. क्लोन करताना 'डेप्थ 1' हा पर्याय दिला की फक्त आजची स्थिती येते आणि आकार बहुधा कित्येक पटींनी कमी होतो. पुढे हवा तसा 'डीपन' या पर्यायाने मागचा इतिहास हप्त्याहप्त्याने आणता येतो. यात पूर्ण झालेला हप्ता वाया जात नाही. लाइन तुटली तर तेवढा एकच हप्ता पुन्हा आणावा लागतो. मात्र पहिला हप्ता एका बैठकीत उतरायलाच हवा, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, इतिहास हवा पण जुन्या फाइलींचा मजकूर लगेच नको असेल, तर 'फिल्टर' देऊन पार्शल क्लोन करावे. याची मर्यादा अशी की, जुनी फाईल उघडायची वेळ आली की नेटवर्क लागते. गाडीत बसून काम करणार असाल तर ही पद्धत उपयोगाची नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. गिट विकेंद्रित आहे, याचा अर्थ आपण विसरलो आहोत. सगळेजण गिटहबकडेच धावतात, जणू तेच एकमेव दप्तर. कुरआन शिकायला गावच्या मुलाला मक्का-मदिनेला जावे लागत नाही, मोहल्ल्यातल्या हाफिज साहेबांकडे पूर्ण कुरआन आहे. पवित्र ग्रंथाचे जतन आणि प्रोग्रामचा कोड यांची बरोबरी करण्याचा हेतू नाही, पण प्रत्येक जाणकाराकडे पूर्ण प्रत असावी आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जावी, ही रीत आपल्याला ओळखीची आहे. एका कॉलेजात, एका शाळेच्या संगणक खोलीत किंवा अभ्यासिकेत एखाद्या संगणकावर महत्त्वाच्या दहा-वीस रेपो चांगली लाइन असेल तेव्हा एकदा उतरवून ठेवल्या, तर बाकीच्यांनी त्या तिथल्या वायफायवरून, इंटरनेटचा एक एमबी न खर्चता घ्याव्यात. किंवा बंडल करून पेन ड्राइव्हवर न्याव्यात. घरी गेल्यावर मूळ सर्व्हरचा पत्ता जोडायचा आणि रोजचे थोडे बदल मोबाइलवरून आणायचे. चाळीस मुलांनी 1 जीबी प्रत्येकी उतरवण्याऐवजी एकदाच 1 जीबी उतरते.

कुणी विचारेल, पेन ड्राइव्हवरून आलेल्या प्रतीचा भरवसा काय? मध्ये कुणी हात मारला असेल तर? इथे तो 40 अक्षरी ठसा कामी येतो. प्रत्येक नोंदीच्या ठशात तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा मिसळलेला असतो, त्याच्यात त्याच्या आधीचा, असे थेट पहिल्या दिवसापर्यंत. हदीसच्या अभ्यासात सनद पाहतात, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले याची साखळी तपासतात. गिटची साखळी गणिताने विणलेली आहे. आपल्या प्रतीच्या शेवटच्या नोंदीचा ठसा प्रकल्पाच्या अधिकृत पानावरच्या ठशाशी जुळवून पाहावा. 40 अक्षरे वाचायला 2जी लाइनही पुरते.

मागणी काय

लाइनचा वेग वाढण्याची वाट पाहण्यापेक्षा या मागण्या अधिक हाताशी आहेत. गिट घडवणाऱ्यांनी पहिले क्लोन तुटले तिथून पुढे चालू होईल अशी व्यवस्था आपोआप चालणारी करावी. ज्याला माहीत आहे त्यालाच सापडणारा पर्याय म्हणून ती कोपऱ्यात पडून राहू नये. खुले प्रकल्प चालवणाऱ्यांनी, विशेषतः भारतीय भाषांचे फॉन्ट, शब्दकोश, भाषांतरे यांवर काम करणाऱ्यांनी, दर काही महिन्यांनी एक बंडल तयार करून पानावर ठेवावे आणि ते कसे वापरायचे हे मराठीत, उर्दूत लिहावे. यासाठी एका संध्याकाळचे काम पुरते. आपल्या तालुक्यांतल्या कॉलेजांनी रेपोंची स्थानिक प्रत ठेवावी आणि गिट शिकवताना पहिल्याच तासाला डेप्थ, फिल्टर आणि बंडल हे तीन शब्द शिकवावेत. आज हे शब्द शेवटच्या धड्यात येतात किंवा येतच नाहीत, कारण पुस्तके लिहिणाऱ्यांची लाइन तुटत नाही.

आणि आपण शिक्षकांनी आपला मूळ मजकूर युनिकोडमध्ये साध्या फाईलमध्ये ठेवायला लागावे. उर्दूचे काम करणाऱ्यांनी तर आधी, कारण इनपेजमध्ये अडकलेला आपला मजकूर फार मोठा आहे. पुढच्या परीक्षेची शब्दसूची करण्यापासून सुरुवात केली तरी चालेल.